मखमलाबादला अंगणात ससे : मुंगूस, बोका, धामण, घार... पिंजरा कसा बांधावा?

घासफूस :
नाशिकच्या मखमलाबाद शिवारात बैठं घर आहे. मागे १० फूट रुंद, २० फूट लांब अंगण, एका अंगाला दगडी कंपाउंड, पलीकडे द्राक्षबाग. ससे दोन, प्रत्येकी साधारण २ किलोचे, दोन्ही माद्या. सध्या दुकानातून आणलेला तारेचा पिंजरा व्हरांड्यात असतो : अडीच बाय दीड फूट, खाली प्लॅस्टिकचा ट्रे, दाराला वाकवलेल्या तारेची कडी. आता अंगणात ८ बाय ४ फुटांचा, ४ फूट उंचीचा कायमचा पिंजरा करायचा आहे. मुंगूस रोज दिसतं, बोके आहेत, पावसाळ्यात धामण, वर घारी. बागेवर टाकतात ती नायलॉनची पक्षीजाळी आणि शेडनेट घरात भरपूर पडून आहे. त्यात भागेल का? लोखंडी जाळीच लागणार असेल तर कोणती, किती, आणि खाली जमिनीचं काय करायचं?

सातपूरचा_फिटर :
ताई, पक्षीजाळी विसरा. ती पाखरांना घडापासून लांब ठेवायला असते. ससाच ती कुरतडून टाकेल, बोका नखाने फाडेल, आणि सगळ्यात वाईट म्हणजे साप तिच्यात अडकतो. सकाळी अंधारात घास टाकायला गेलेल्या माणसाच्या हाताशी अडकलेला साप, हे काही बरं नव्हे. शेडनेट मात्र ठेवा, सावलीला लागेल.

दुसरी नेहमीची चूक षटकोनी कोंबडीजाळीची. स्वस्त, हाताने वाकते, म्हणून सगळे तीच आणतात. तिच्यात तार तारेला नुसता पीळ देऊन अडकवलेली असते. कुत्र्याने दाताने एक पीळ तोडला की शेजारचे ढिले होतात आणि भोक मोठं होत जातं. कोंबड्या आत ठेवायला ठीक, पण बाहेरच्याला अडवायला तिचा उपयोग नाही.

घ्यायची ती जीआय वेल्डमेश, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेली, तारांचे सांधे वेल्ड केलेली चौकोनी जाळी, भोक अर्धा इंच बाय अर्धा इंच. गेजचा आकडा वाढला की तार बारीक होते, इथे लोक फसतात. १९ गेज म्हणजे साधारण १ मिमी, १६ गेज म्हणजे १.६ मिमी, १४ गेज म्हणजे २ मिमी. उंदीर, मुंगूस, बोका यांना १९ गेज पुरते. भटक्या कुत्र्यांची टोळी फिरत असेल तर १६ गेज मागा. दुकानदार एक इंची १४ गेज पुढे करेल, 'ही जास्त मजबूत' म्हणून. मजबूत आहेच, पण एक इंचाच्या भोकातून उंदीरही येतो आणि बोक्याचा पंजाही.

हिशोब : ४ फूट पन्ह्याची जाळी घ्या. चार बाजू मिळून २४ फूट, छताला ८, तळाला ८, एकूण ४० फूट. ५० फुटांचा रोल आणलात तर १० फूट उरते. जोडाला दोन-दोन इंच एकावर एक चढवायला आणि पुढे सांगतो त्या दुहेरी जाळीला ती लागेल.

सांगाडा १ इंची चौकोनी एमएस (साध्या लोखंडी) पाइपचा. लाकूड नको, आतून ससे आणि खालून वाळवी, दोघांचं काम सोपं होतं.

जाळी सांगाड्याच्या बाहेरून लावा. बाहेरच्या जनावराने ढकललं की जाळी पाइपवर दाबली जाते. आतून लावलेली असेल तर तोच जोर स्क्रूवर येतो आणि एकेक सुटत जातो. फॅब्रिकेटर आतून लावून देतात कारण बाहेरून फिनिशिंग चांगलं दिसतं. त्यांना आधीच सांगा. दर ४-६ इंचांवर सेल्फ-ड्रिलिंग स्क्रू, खाली १ इंची वॉशर, किंवा वरून लोखंडी पट्टी दाबून. नुसते वेल्डिंगचे टाके मारले तर तिथलं जस्त जळतं आणि दोन पावसाळ्यांत नेमका टाक्याजवळच गंज धरतो. टाके मारलेच तर त्यावर झिंक प्रायमर, आणि तो खडखडीत वाळून वास जाईपर्यंत ससे आत नाहीत.

गोदाकाठ :
तळालाही जाळी? सशांच्या टाचांना जखमा होतात ना त्याने?

डावा_पंजा :
ससा थेट जाळीवर बसला तर होतात. सशाच्या तळव्याला कुत्र्या-मांजरासारखी गादी नसते, फक्त केस असतात. सतत तारेवर बसलं की केस झिजतात, कातडी लाल होते, मग जखम, मग पू. म्हणून तळाची जाळी गाडायची. पाच-सहा इंच माती काढा, जाळी अंथरा, ती चारही बाजूंच्या उभ्या जाळीला तारेने घट्ट शिवून घ्या, वर ३ इंच मुरूम दाबा, त्यावर शहाबादी फरशी. फरशीला ४ फुटाला १ इंच ढाळ म्हणजे मूत साचत नाही. वर वाळलेल्या गवताचा जाड थर. नुसती माती टाकून ठेवलीत तर ससे उकरून जाळी उघडी पाडतील, उकरणं हा त्यांचा धर्मच आहे.

शिवताना जोड दर २-३ इंचांवर बांधा. मुंगूस आणि घूस दोघंही भिंतीच्या बुडालाच उकरायला बसतात, आणि तिथे उभी-आडवी जाळी नुसती एकमेकींना टेकवलेली असेल तर सगळी मेहनत पाण्यात.

हिरवी_चाळ :
तळाला जाळी न घालता बाहेरून झालर करतात तेही चालतं. उभ्या जाळीच्या बुडाशी दीड फूट रुंद पट्टी बाहेरच्या बाजूला जमिनीवर आडवी टाकायची, दोन इंच माती, वर विटा. उकरणारं जनावर भिंतीला नाक लावून उकरतं, पायाखाली जाळी लागली की तिथेच घुटमळतं. दीड फूट मागे सरकून तिथून बोगदा काढावा हे त्याला सहसा सुचत नाही.

सातपूरचा_फिटर :
बरोबर, पण माप बघून ठरवा. ८ बाय ४ च्या पिंजऱ्याला तळ ३२ चौरस फूट. दीड फुटी झालर कोपरे धरून ४५ चौरस फूट. म्हणजे लहान पिंजऱ्याला तळच स्वस्त. २० बाय १० चं आवार असतं तर तळ २०० आणि झालर ९९, तिथे झालर. शिवाय झालर फक्त बाहेरच्याला अडवते. आतून ससा कुठेही बीळ काढू लागला तर ती काही करत नाही.

घासफूस :
कंपाउंडची भिंत हीच एक बाजू धरली तर जाळी वाचेल ना?

सातपूरचा_फिटर :
वाचेल, पण करू नका. दगडी कंपाउंडच्या सांध्यांत उंदीर राहतात, त्यांच्या मागे साप. आणि भिंतीचा माथा हा बोक्यांचा हमरस्ता, ते थेट छपरावर उतरतात. तुमचं अंगण १० फूट रुंद, पिंजरा ४ फूट. बरोबर मधोमध ठेवा, दोन्हीकडे ३ फूट मोकळं राहतं. त्या तीन फुटांत गवत, विटांची चवड, बागेचे जुने अँगल काही ठेवायचं नाही. जनावराला उघड्यावर यायला लागलं की ते बिचकतं, आणि तुम्हालाही चारही बाजूंनी फिरून जाळी तपासता येते.

चांदवडी :
रात्री नीट बंद केलं आणि दिवसा मोकळं सोडलं तर एवढा खर्च लागतोय कशाला?

डावा_पंजा :
कारण मुंगूस दिवसाचं जनावर आहे. सकाळी ऊन चढेपर्यंत आणि संध्याकाळी त्याची फेरी असते. घार दिवसा, धामण दिवसा. रात्री बोके, कुत्री, उदमांजर, रानमांजर, घुबड, आणि सापांतले घोणस-मण्यार. एक पाळी संपते तिथे दुसरी सुरू होते. दिवसा मोकळं सोडायचं तर माणूस शेजारी बसलेला हवा. खिडकीतून अधूनमधून बघणं मोजू नका.

घारीबद्दल एक. घारीचं स्वतःचं वजन किलोच्या आसपास, ती २ किलोचा ससा उचलून नेऊ शकत नाही. पण झडप घालून पाठ फाडू शकते, आणि पिल्लू असेल तर नेतेच. म्हणून वरूनही तीच लोखंडी जाळी.

मळेकरी :
पत्र्याचं छप्पर असलं तरी पत्र्याखाली जाळी घालाच. पन्हळी पत्र्याच्या कडेला जी अर्धगोल फट राहते ती लोक धरतच नाहीत. उंदीर, लहान साप दोघंही तिथून आत. पत्रा चारही बाजूंनी फूटभर बाहेर काढा, पावसाचा सपकारा आत येत नाही.

आता मुद्द्याचं. सापाच्या मागे लागण्याआधी खाद्याच्या मागे लागा. पेलेट सांडले की उंदीर येतात, उंदरांच्या वासावर धामण आणि नाग. धामण २ किलोचा ससा गिळू शकत नाही, ती उंदरांसाठीच आलेली असते. नाग आणि घोणसही उंदरांसाठीच येतात, पण अंधारात ससा अंगावर आला तर डसतात. तेव्हा :
पेलेट पत्र्याच्या घट्ट झाकणाच्या डब्यात, पोत्यात नाही. संध्याकाळी वाटी उचलायची, रात्रभर फक्त वाळलं गवत आणि पाणी. सांडलेलं दररोज झाडायचं. मूत-लेंड्यांचा खड्डा पिंजऱ्यापासून १५-२० फूट लांब. फरशीचं पाणी ज्या नळीतून जातं तिच्या तोंडाला अर्धा इंची जाळीची टोपी, हे हमखास राहून जातं.

उंदरांचं औषध ठेवू नका. गोळी उंदीर ओढत आणतो, ती सशाच्या गवतात पडते. आणि विष खाल्लेला उंदीर मुंगूस किंवा घुबड खातं, ते फुकट मरतं.

गोदाकाठ :
मुंगसासाठी सापळा लावलेला बरा मग?

मळेकरी :
अजिबात नाही. मुंगूस वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली संरक्षित आहे, पकडणं, मारणं, दोन्ही गुन्हा. धामण, नाग, घोरपड, सगळ्यांना तोच कायदा. साप आवारात अडकला तर वनखात्याची हेल्पलाइन १९२६, नाहीतर ओळखीचा सर्पमित्र. तसंही एक मुंगूस हलवलं तर त्याच्या जागी दुसरं येतं.

चांदवडी :
आणि शिवारात सापडलेला ससा पिंजऱ्यात ठेवणारेही असतात. तो रानससा, वेगळाच प्राणी, संरक्षित. तो पाळायचा नसतो.

डावा_पंजा :
कडीचं कोणी बोललं नाही अजून. दुकानी पिंजऱ्याची ती वाकवलेली तार खालून पंजाने उचलली की निघते. बोका हे शिकतो, कुत्रा नुसत्या धडकेनेही उघडतो. दाराला वर एक, खाली एक असे दोन टॉवर बोल्ट, आणि वरच्या बोल्टच्या भोकात कुलूप किंवा स्प्रिंगचा हुक. एकच बोल्ट मध्यभागी लावला तर दाराचा खालचा कोपरा ओढल्यावर दीड-दोन इंच वाकतो. मुंगसाचं डोकं शिरलं की बाकीचं मुंगूस आलंच. बिजागरीच्या बाजूची फट मोजा. बोट आत जात असेल तर पट्टी लावा.

आणि दुहेरी जाळी. ससे अंग टेकवून झोपतात, अर्ध्या इंचातून पंजा येत नसला तरी नख येतं. जिथे ते झोपतात तिथे जमिनीपासून २ फूट उंचीपर्यंत आतल्या बाजूने पाइपच्या आत दुसरी जाळी लावा, दोन्हींत निदान एक इंच अंतर. फिटरदादांनी उरवलेले १० फूट त्यालाच.

निफाडकर :
तुमच्याकडे मखमलाबादला नसेल कदाचित, पण निफाड, सिन्नर, दिंडोरीकडचे वाचत असतील तर : बिबट्याला यातलं काहीच अडवत नाही. वेल्डमेश तो पंजाने टाके उखडून काढतो. उसाच्या कडेला घर असेल तर रात्री ससे विटांच्या खोलीत, लोखंडी दार, खिडकीला गज. अंगणातला पिंजरा फक्त दिवसाचा. आणि पिंजऱ्यालगत कुत्रा बांधून 'राखण' करू नका, बिबट्या कुत्र्यासाठीच येतो.

घासफूस :
बापरे. रात्री व्हरांड्यात आणायचा विचार होताच. मग पिंजऱ्यात आडोशाची पेटी लागेल का?

डावा_पंजा :
लागेलच, आणि जाळीइतकीच महत्त्वाची. जाळी शाबूत, अंगावर ओरखडा नाही, आणि सकाळी ससा मेलेला, असं घडतं. बोका रात्रभर पिंजऱ्याभोवती फिरला की ससा जीव खाऊन उड्या मारतो. सशाचे मागचे पाय ताकदीचे आणि हाडं हलकी, त्या झटक्यात कमरेजवळचा मणका मोडतो. किंवा भीतीने आतडी थंडावतात, तो खाणं बंद करतो आणि दीड-दोन दिवसांत जातो. लपायला जागा असेल तर तो आत जाऊन निश्चल बसतो.

पेटी प्लायची, रंग न दिलेली, १८ बाय १२ इंच, उंची १२. दोन तोंडं, प्रत्येकी ६ इंच, म्हणजे एकीने दुसरीला कोंडून ठेवायचं नाही. जाळीपासून निदान सहा इंच आत. दोन सशांना दोन पेट्या. दिवाळीत फटाक्यांच्या वेळी पेटीवर गोणपाट टाका, एक तोंड मोकळं ठेवून.

हिरवी_चाळ :
'दोन्ही माद्या' असं दुकानदाराने सांगितलं असेल तर एकदा जाणकाराकडून बघून घ्या. लहानपणी सांगताना सर्रास चुकतात. आणि एक नर निघाला तर ३१ दिवसांत पिल्लं. पिल्लं म्हटली की शत्रू बदलतात : लाल मुंग्या, उंदीर, घूस, कावळे. पिल्लांची पेटी जमिनीवर नको, स्टँडवर, आणि स्टँडचा प्रत्येक पाय पाण्याच्या वाटीत. पाण्यात भांड्याच्या साबणाचे दोन थेंब, नाहीतर मुंग्या तरंगून पार होतात. वाटीत काडी-गवत पडलं की पूल तयार, रोज बघा.

चांदवडी :
फ्लॅटवाल्यांसाठी कोणी सांगेल का? इंदिरानगर, चौथा मजला, बाल्कनी.

सातपूरचा_फिटर :
बाल्कनीत कबुतराची नायलॉन जाळी असेल तर तिच्या आतून २ फूट उंचीपर्यंत अर्धा इंची वेल्डमेश. ग्रिलच्या गजांमधून ससा सटकतो, आणि नायलॉन तो खालून कुरतडतो. बोके एसीच्या कठड्यावरून मजले चढतात, चौथा मजला त्यांना लांब नाही. बाकी कड्या-पेटी सगळं तसंच.

मळेकरी :
सगळं बंदिस्त करताना उन्हाळा विसरू नका. नाशिकला एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी गाठतो, ससा तिशीनंतरच धापा टाकतो. त्याला घाम येत नाही, उष्णता कानांतून जाते. म्हणून तीन बाजू पत्र्याने झाकून टाकू नका. आता तुमचं शेडनेट काढा : ७५ टक्केवालं, पत्र्याच्या वर फूटभर अंतर सोडून ताणा. पत्र्याला चिकटून टाकलं तर उपयोग अर्धा. पश्चिमेकडून गोणपाट, दुपारी ओलं. पाण्याची बाटली गोठवून फडक्यात गुंडाळून आत ठेवा. हिवाळ्यात फक्त उत्तरेचा वारा अडवा, कोरडा ससा थंडी सोसतो.

गोदाकाठ :
आणि एवढं करून चावा बसलाच तर?

डावा_पंजा :
अंधाऱ्या खोक्यात, टॉवेलवर, शांत जागी. मागचे पाय ओढत असेल तर उचलू नका, पाटावर सरकवून न्या. अंघोळ नाही. केस फुंकरून बाजूला करत सगळं अंग बघा, बोक्याचा दात सुईच्या टोकाएवढं भोक पाडतो, रक्तही दिसत नाही, पण आत जंतू सोडतो आणि दोन दिवसांत ससा जातो. म्हणून बोक्याचा चावा किती का लहान असेना, त्याच दिवशी डॉक्टर. तोंडाने अमॉक्सिसिलिन किंवा पेनिसिलिनच्या जातीचं काही देऊ नका. त्याने सशाच्या आतड्यातले चांगले जंतू मरतात आणि तेच जिवावर बेततं. माणसाच्या वेदनाशामक गोळ्याही नाहीत. १०-१२ तासांत काही खाल्लं नाही किंवा लेंड्या थांबल्या तर थांबून बघू नका.

पावसाळ्यात जखम किंवा ओलं बूड असलेल्या सशावर माशी अंडी घालते, २४ तासांत अळ्या. दिवसातून दोनदा शेपटीखाली बघायचं. हाही शिकारीच समजा.

आणि मुंगूस किंवा कुत्र्याने *तुम्हाला* ओरखडलं तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा आणि रेबीजची लस घ्यायला जा. हळद-चुना काही नाही.

घासफूस :
सगळ्यांचे आभार. फॅब्रिकेटरला द्यायला एवढं लिहिलंय : पाइप १ इंची, जाळी अर्धा इंची १६ गेज, ४ फूट पन्हा, ५० फूट, बाहेरून, वॉशर-स्क्रूने. तळ जाळी गाडून वर फरशी. दार दीड फूट रुंद, दोन टॉवर बोल्ट. पत्रा फूटभर बाहेर, खाली जाळी. काही राहिलं?

सातपूरचा_फिटर :
दार दोन फूट करा. दीड फुटातून १८ इंचांची पेटी आडवी धरून निघत नाही, ती धुवायला महिन्यातून दोनदा बाहेर काढावी लागेल. आणि उंबरठा ६ इंच उंच ठेवा, दार उघडलं की पायांत येणारा ससा तेवढ्याने थबकतो. पाइपची उघडी टोकं बंद करायला सांगा, पाणी शिरतं आणि गांधीलमाशा घर करतात.

घासफूस :
केली दुरुस्ती. दोन फूट, उंबरठा सहा इंच, टोकं बंद.